प्रवेशाचे हक्क राखीव

राखीव जागांच्या नावानं या देशात सगळ्यात मोठी बोंब कोण मारतं, ते तुम्हाला सांगायला नको. मेडिकलची एक सीट आपल्या पोराला मिळाली की यांची गुणवत्ता जागच्या जागी मरते. मग तिचं सुतक, मेणबत्त्या, उपोषणं, पेपरात अग्रलेख. आणि हीच मंडळी शनिवारी रात्री ज्या दारातून आत शिरतात त्या दाराशेजारी चकचकीत पितळी पाटी असते. राइट्स ऑफ ॲडमिशन रिझर्व्हड. आपल्या भाषेत, प्रवेशाचे हक्क राखीव. कोणासाठी राखीव? कुठल्या जी. आर. नं? टक्के किती? क्रीमी लेयर लावलीय का? दाखला कुठला तहसीलदार देतो? कुणी विचारत नाही. आमच्या राखीव जागेला घटना लागली, आयोग लागले, कोर्टकज्जे लागले, आणि अजून कुठलंही शेंबडं पोर उठून आमच्याकडे हिशेब मागतं. ह्यांच्या राखीव जागेला एक पितळी पाटी आणि एक दांडगा पोरगा पुरतो.

मी लिहिणार आहे ते ह्या दारांबद्दल. पब, नाइटक्लब, आणि जिथं मेनूकार्डसुद्धा हातात देत नाहीत, टेबलावरचा ठिपक्याठिपक्यांचा चौकोन मोबाईलनं टिपायला सांगतात, तसली हॉटेलं. हे वाचून आपल्यातलेच काहीजण म्हणतील, ह्याला दुसरे विषय नाहीत काय? गटारात माणसं मरताहेत, वरातीवर दगड पडताहेत, पोरांची स्कॉलरशिप अडकलीय, आणि ह्याला डिस्कोत जायचंय! एका अभ्यासवर्गात एका जुन्या कार्यकर्त्यानं हे मला तोंडावर ऐकवलं. माणूस नामांतरात तुरुंगात गेलेला, मला आदर आहे. पण तिथं विचारलं ते इथंही विचारतो. दादा, महाडला माणसं काय तहानेनं गेली होती?

ओंजळभर पाण्यासाठी कोणी डोकं फोडून घेत नाही. २० मार्च १९२७ चा सवाल असा होता, की सार्वजनिक म्हणजे आम्हाला धरून की आम्हाला वगळून? बोल्यांचा ठराव १९२३ मध्येच पास झाला होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा खुल्या. कागदावर सगळं खुलं. आणि त्या कागदावर विश्वास ठेवून माणसं तळ्यावर गेली तेव्हा लाठ्याकाठ्या बाहेर आल्या. पण त्या लाठ्यांपेक्षा पुढची गोष्ट लक्षात ठेवा, कारण तिच्यावर भाषणं कमी होतात. त्याच वर्षी डिसेंबरात सवर्ण कोर्टात गेले. आणि दाव्यात काय म्हणाले? आम्ही शिवाशीव पाळतो असं म्हणाले? छे. त्यांनी सांगितलं, तळं सार्वजनिक नाहीच मुळी. तळं खाजगी आहे. तिथं कोणी यायचं ते आम्ही ठरवणार. हा खटला दहा वर्षं चालला, आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं बाबासाहेबांच्या बाजूनं निकाल दिला.

तेव्हाचं खाजगी तळं आणि आजची ‘प्रायव्हेट पार्टी’ ह्यात फरक असलाच तर मधल्या दारूचा.

म्हणूनच घटना लिहिताना बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी नुसत्या विहिरींवर थांबले नाहीत. पंधराव्या कलमाचा दुसरा भाग काढा आणि वाचा. घराघरात घटना आहे, नुसती हार घालायला नाही. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणाही नागरिकाला दुकानात, उपाहारगृहात, हॉटेलात आणि सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी अडवता येणार नाही. करमणुकीच्या! विहीर, तळं, घाट, रस्ता ह्यांच्या पंगतीला करमणूक बसवलीय. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधानसभेत ह्यावर चर्चा झाली तेव्हा ‘दुकान’ ह्या शब्दात काय काय येतं असं विचारलं गेलं. बाबासाहेबांनी खुलासा केला की इथं दुकान म्हणजे नुसता उंबरा ओलांडणं नव्हे. ठरलेल्या मोलात जी सेवा देऊ केलीय ती नाकारता येणार नाही, एवढा मोठा अर्थ त्यात आहे. पुढं २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका खाजगी मेडिकल कॉलेजच्या प्रकरणात ह्याच खुलाशाचा आधार घेतला. तेव्हा हा चैनीचा प्रश्न आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी बाबासाहेबांशी भांडावं.

आता ही दारं कुठं उभी आहेत ते बघा. मी डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत वाढलो. माझा बाप गिरणीत, रिंगखात्यात. विणाईच्या खात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्या माणसाला शिरकाव नव्हता. का? धोट्यात कांडी घातली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. महाराच्या तोंडचा धागा मराठ्याच्या तोंडाला कसा लावायचा? म्हणजे यंत्रयुग आलं, वाफ आली, वीज आली, लाल बावटा आला, आणि थुंकीला जात राहिलीच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न काढला होता. मग १९८२ चा संप झाला, गिरण्या मेल्या, आणि त्यांच्या जागेवर काचेचे मनोरे उगवले. फिनिक्स मिलचा मॉल झाला. कमला मिलच्या आवारात ऑफिसं आणि पब झाले. जुन्या चिमण्या काही ठिकाणी मुद्दाम ठेवल्यात, शोभेला. विटांच्या भिंतींना गिलावा करत नाहीत, ती म्हणे फॅशन आहे. तिथं बाप आमचा घाम गाळून आला. पण निदान त्याला मेन गेटातून आत घेत होते.

त्याच पट्ट्यातला एक पब. नाव लिहीत नाही, कारण एकाचं नाव लिहिलं की बाकीचे सोवळे ठरतात. २०१९ ची गोष्ट. भाच्याला नोकरी लागली, पहिला पगार झाला. म्हणाला, मामा, आजवर तुम्ही इराण्याकडे खाऊ घातलं, आज माझ्याकडून. तो, त्याची बहीण, त्याचे कॉलेजचे दोन दोस्त, आणि मी. पोरानं फोनवरून टेबल घेतलेलं, त्याचा मेसेज आलेला. दाराशी मखमली दोर. दोराच्या अलीकडं यादी घेऊन एक पोरगी, पलीकडं काळ्या टी शर्टातला बाऊन्सर. पोरीनं नाव विचारलं. भाच्यानं आडनावासकट सांगितलं. तुमचं माझं असतं तसलंच. तिनं यादी बघितली आणि मग आम्हाला बघितलं, खालून वर. आधी बूट, मग पँट, मग तोंड. ‘सर, टेबल रेडी नाहीये.’ थांबलो. भिंतीला टेकून चाळीस मिनिटं. तेवढ्यात पाच टोळकी आत गेली. त्यातला एकजण बर्म्युडा आणि रबरी सपातांवर होता, आमच्याकडं संडासला जाताना घालतात तसल्या. दोर उचलला गेला, गुड ईव्हनिंग झालं. मी विचारायला गेलो तर उत्तर बदललेलं. आज प्रायव्हेट पार्टी आहे. मग बुकिंग कसं घेतलं? सर, डोअर पॉलिसी आहे. लेखी द्या. तर तिनं पाटीकडं बोट केलं.

बाऊन्सर मराठी निघाला. घाटकोपरचा. हळूच म्हणाला, ‘दादा, मला कशाला बोलता? वरून कानात सांगतात, मी दोर धरतो.’ खरंच त्याच्या कानात वायर होती. एके काळी आपल्या कानात वेद पडला तर शिसं ओतायचे म्हणतात. आता आपल्याच पोराच्या कानात हुकूम ओततात आणि त्यालाच दारात उभा करतात.

ह्यातलं मला जे झोंबलं ते वेगळंच आहे. चाळीस मिनिटं उभं राहिल्याचा राग मला आला. भाच्याला आला नाही. त्याला लाज वाटली. टॅक्सीत तो माझ्याशी बोलला नाही, बहिणीशी बोलला. ‘तुला सांगत होतो तो कुर्ता नको घालू म्हणून.’ आणि पुढच्या पगाराला त्यानं सात हजारांचे बूट घेतले.

दोस्तहो, ह्या सात हजारांच्या बुटांवर थांबा जरा. गावच्या हॉटेलात आपली कपबशी वेगळी टांगलेली असायची. ती चीड आणणारी गोष्ट होती, पण तिच्यात एक होतं. ती दिसत होती. कुणी का टांगलीय ते शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणून ती फोडता आली. शहराच्या ह्या दारात कपबशी दिसत नाही. इथं तुम्हाला वाटायला लावतात की चूक बुटांची आहे. कुर्त्याची आहे. इंग्रजीची आहे, केसांच्या तेलाची आहे, हसण्याच्या आवाजाची आहे. गावकुसाबाहेरच्या माणसानं कुसाला शिव्या घातल्या. हा नवा माणूस आरशासमोर उभा राहून स्वतःला शिव्या घालतो. आणि आपण काय करतो, तर अभ्यासवर्गात त्याची टिंगल करतो की साहेब झाला, पबात जातो. मग तो आपल्याकडं कशाला येईल? त्याच्या अपमानाला आपल्या चळवळीत खुर्ची नाही, आणि त्याला तर तो अपमान आहे हेही कोणी सांगितलेलं नाही.

ड्रेस कोड म्हणे. ड्रेस कोड मनूनं लिहून ठेवलाय, दहाव्या अध्यायात. चांडाळानं मढ्यावरचे कपडे घालावेत, फुटक्या भांड्यात खावं, दागिने लोखंडाचे. म्हणजे काय घालायचं हे सांगणारा तो पहिला डोअर मॅनेजर. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात ते पुस्तक जळलं आणि त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या बायांना लुगडं नेसायची तऱ्हा बदलायला सांगितली, ते काही उगीच नव्हे. अंगावरून ओळखू येणं हा प्रश्न तेव्हाच त्यांनी हातात घेतला होता.

हे एकट्या मुंबईचं नाही. २०१६ मध्ये कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवर मोकॅम्बो नावाच्या जुन्या नामांकित हॉटेलानं एका ड्रायव्हरला आत घेतलं नाही. त्याला जेवायला घेऊन आलेली बाई बरोबर होती, पैसे ती देणार होती. पण कपडे नीट नाहीत म्हणे. २०१७ मध्ये दिल्लीच्या गोल्फ क्लबात मेघालयातल्या एका खासी बाईला टेबलावरून उठवलं. ती एका सभासदाची पाहुणी म्हणून आलेली, अंगावर तिच्या जमातीचा पोशाख, जैनसेम. क्लबवाल्यांना ती मोलकरणीसारखी दिसली. आता गंमत बघा. २०२१ मध्ये दिल्लीतल्याच एका रेस्तराँत साडीवाल्या बाईला दारात अडवल्याचा व्हिडिओ फिरला तेव्हा काय गदारोळ झाला! महिला आयोग उठला, संस्कृती धोक्यात आली, सगळ्या चॅनलांवर साडीची महती. साडीसाठी उठलेल्या देशाला ड्रायव्हरच्या सदऱ्याचं काही वाटलं का? अपमान झाला की आधी बघायचं, झाला कुणाचा. मग ठरवायचं, चिडायचं की नाही.

आपल्यातले मार्क्सवादी मित्र इथं हात वर करतात. हा वर्गाचा प्रश्न आहे, म्हणतात, बाऊन्सरला तुमची जात कुठं ठाऊक? मग तो बर्म्युडावाला कुठल्या वर्गाचा हे बाऊन्सरला कसं ठाऊक? त्याच्या खिशात हात घातला होता काय? फाटकी पँट कोणाच्या अंगावर फॅशन आणि कोणाच्या अंगावर गरिबी, हे ओळखायला डोळे आधी शिकलेले असावे लागतात. पिढ्यान्‌पिढ्या शिकलेत ते. रंग, चण, चालणं, बिचकणं. आणि जिथं डोळे कमी पडतात तिथं कागद आहे. टेबल घेताना नाव. दारात वयाचा पुरावा, कारण महाराष्ट्रात कडक दारूला पंचवीस वर्षं आणि बियरला एकवीस लागतात. पुराव्यावर आडनाव. आडनावावर सगळा सातबारा. प्रत्येक वेळी जातच बघतात असं मी म्हणत नाही. म्हणायची गरज नाही. न बघता कळावी म्हणून तर जात केली.

आणि आत गेलेल्यांना तिथं काय वाढतात ते विचारा. नाचणीची भाकरी, ठेचा, ज्वारी, वजडी, नळी. पांढऱ्या बशीत मधोमध एवढंसं, वर एक पान खोचलेलं. जे खाल्लं म्हणून आपल्याला वाटेल ते बोलले, ते आता त्यांच्या जिभेला चालतं, फक्त आपल्या हातचं आणि आपल्या शेजारी बसून नको. शाहू पाटोळ्यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महारामांगांच्या चुली पहिल्यांदा नीट कागदावर आणल्या. त्यातलं किती ह्या मेनूवर दलितांचं जेवण म्हणून येईल? रस्टिक म्हणून येईल.

आत आपण नाहीच असंही नाही हां. आहोत. मागच्या दारानं. भांडी घासायला, कांदा चिरायला, संडासात टिश्यूचा कागद पुढं करायला. माझ्या चाळीतली तीन पोरं ह्या धंद्यात होती. तिघांनाही पुढच्या दारानं यायची मनाई. त्या मागच्या दाराला पाटी नसते, हक्क राखीव नसतात. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबाला आग लागली, पंचवीस माणसं गेली. बहुतेक तिथले कामगार, परमुलखातनं पोटासाठी आलेले, गुदमरून मेले. २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलच्या गच्चीवरच्या आगीत चौदा गेली, तेव्हा पेपरांनी एकेका पाहुण्याचा फोटो छापला, छापायलाच हवा होता. गोव्यातल्या त्या भांडी घासणाऱ्यांची नावं तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? पुढचं दार आणि मागचं दार हा एकच प्रश्न आहे. एक सोडून दुसरा धरता येत नाही.

आता पंचशीलाचं. एका उपासक भगिनीनं मला विचारलं, भाऊ, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी दारूच्या अड्ड्यात शिरायचा हक्क मागायचा? ताई, रास्त विचारलंत. मी स्वतः पीत नाही, त्या रात्रीही लिंबूसरबतच मागवणार होतो. पण पाचवं शील मी घेतलंय ते भंतेंसमोर, माझ्या तोंडानं, माझ्या मनानं. ते पाळणं न पाळणं माझ्या हातात आहे. दारातला बाऊन्सर माझा भंते नव्हे. दुसऱ्यानं दोर लावला म्हणून मी बाहेर राहिलो तर ते शील झालं काय? काळाराम मंदिरासमोर १९३० पासून आपली माणसं बसली होती ती काय रामाच्या भक्तीनं?

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा. चौथं कलम, हॉटेल, उपाहारगृह, करमणुकीच्या जागा. सहावं कलम, सेवा नाकारणं. आठवं कलम वाचाच, सहाव्याखाली शिक्षा झाली तर कोर्ट त्या धंद्याचं लायसन रद्द करू शकतं किंवा थांबवू शकतं. बारावं कलम तर सोन्याचं आहे. गुन्हा ठरणारं कृत्य अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडलं, तर ते अस्पृश्यतेपोटीच घडलं असं कोर्टानं धरून चालायचं, उलटं आरोपीनं सिद्ध करायचं. आणि दंड? कमीत कमी शंभर रुपये, जास्तीत जास्त पाचशे. बरोबर कैद आहे, एक ते सहा महिने, पण दंडाचा आकडा बघा. १९७६ च्या दुरुस्तीपासून तोच. पाचशेत ह्या पबांत एक ग्लास येत नाही. आपल्या अपमानाची किंमत एका पेल्याहून स्वस्त, आणि हा आकडा वाढवा म्हणून आपल्या एकाही आमदारानं टेबल बडवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ॲट्रॉसिटी कायदा कडक आहे. २०१५ च्या दुरुस्तीनं त्यातही दुकान, करमणुकीची जागा आणि सार्वजनिक ठिकाणी अडवणं आलंय, सहा महिने ते पाच वर्षं. पण तिथं वकील पहिलं हेच म्हणणार, आमच्या माणसाला ह्यांची जात ठाऊकच नव्हती. एकट्या भाच्याचं एक प्रकरण तिथंच गळून पडतं. एका दारावर वीस जणांचं वीस रात्रींचं टिपण असेल, कोण अडलं, कोण गेलं, कितीच्या सुमाराला, तर न ठाऊक असण्याचं सोंग टिकवायला अवघड जातं.

तेव्हा टिपणं हवीत. मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, कुठलीही. औरंगाबादचं नाव २०२३ मध्ये बदललं तशी तिथली दारं बदललीत का, तेही कळवा. ज्यांना ज्यांना असं दारातून परत फिरवलंय त्यांनी अंकाच्या पत्त्यावर लिहा. जागेचं नाव, तारीख, वेळ. किती जण होतात, बुकिंग होतं का, असल्यास मेसेज जपून ठेवा. दारातल्या माणसानं नेमके कुठले शब्द वापरले ते आठवेल तसे, इंग्रजी असतील तर इंग्रजीच. तुमच्या मागून आत कोण गेलं आणि त्यांच्या पायात काय होतं. मागच्या दारानं काम करणाऱ्यांनीही लिहा, नाव छापणार नाही. तुमच्या अंगावर काय होतं ते लिहिताना माफी मागितल्यासारखं लिहू नका. कुर्ता असेल तर कुर्ता लिहा.